घाटावरून दिसणारा समुद्र

(प्रस्तावना)

नाणेघाटात आषाढात पाणी वर चढतं. कड्यावरून कोसळू पाहणारी धार वारा मधेच पकडतो, तिचे तुषार करतो आणि पुन्हा माथ्यावर भिरकावतो. शनिवार-रविवारी हा ‘उलटा धबधबा’ मोबाइलमध्ये टिपायला झुंबड उडते आणि बहुतेक जण ओले कपडे आणि एक चित्रफीत घेऊन घरी जातात. तिथं तोंडावर आदळणारा तो वारा काही दिवसांपूर्वी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मादागास्करच्या बाजूला होता. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत तो वळला, सोमालियाजवळ त्याला जोर चढला आणि अख्खा अरबी समुद्र ओलांडताना त्यानं वाफ गोळा केली. या प्रवाहाचा सर्वांत वेगवान गाभा समुद्रसपाटीपासून साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवर असतो, हे फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञानं १९६०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं. इथल्याच रांगेतल्या हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर. म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेची डोंगररांग या प्रवाहाच्या ऐन वाटेत आडवी उभी आहे.

उष्णकटिबंधातल्या समुद्रांवरचं हवामान आणि त्याचे अंदाज यांवरचं पुस्तक या दोन तालुक्यांना समोर ठेवून का लिहावं, याचं उत्तर इथून सुरू होतं. जुन्नरपासून समुद्र सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. इथं होडी नाही, बंदर नाही, भरती-ओहोटी नाही. पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी राहतात खरे, पण त्यांच्या नावातला कोळी दर्यावर जाळं टाकणारा नव्हे, डोंगरउतारावर भात आणि नाचणी पिकवणारा. समुद्राचं हवामान हा कोकणाचा विषय. आम्हाला तालुक्याचा अंदाज मोबाइलवर रोज येतो, मग लाटा-वाऱ्यांची उठाठेव कशाला, असा आक्षेप कुणीही घेईल. वरवर तो रास्त आहे. पण तालुक्याचा तो अंदाज तालुक्यात तयार होत नाही. पावसाळ्याचे चार महिने आणि अवकाळीचे पुष्कळसे दिवस तो समुद्रावर जन्मतो, घाटावर नुसता पोचतो. त्याचा जन्म कसा झाला हे ठाऊक नसेल, तर त्यातल्या कशावर विसंबायचं आणि कशावर नाही, हे ओळखता येत नाही. मग अंदाज खरा की खोटा एवढीच चर्चा उरते, आणि पारावर ती वर्षानुवर्षं चालू आहे. या पुस्तकाचा आणि माझा मुद्दा असा की अंदाज एकजिनसी नसतो. त्यात वाऱ्याची दिशा असते, तिच्यावर बराच भरवसा ठेवावा. पावसाचा पट्टा असतो, त्यावर थोडा कमी ठेवावा. अमुक गावात अमुक वेळी असंही काही असतं, त्यावर फारच थोडा. समुद्राकडून घाटाकडे येताना भरवशाची ही उतरंड कशी लागते, हे कळणं म्हणजे अंदाज वाचता येणं.

घाटावरच्या माणसाला समुद्र वाचायला लागणं ही काही नवी गोष्ट नाही. सातवाहनांच्या काळात जुन्नर हे कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांच्या पाठीशी असलेलं मोठं ठाणं होतं आणि नाणेघाट ही त्याची वाट. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ही तिन्ही बंदरं येतात आणि इजिप्तकडून गलबतं जुलैच्या सुमारास निघतात असंही येतं. रोमन लेखक प्लिनीनं याच वाऱ्यावर स्वार होऊन तांबड्या समुद्राच्या तोंडापासून मलबारचा किनारा ४० दिवसांत गाठता येतो, असं नोंदलं. नैर्ऋत्येच्या वाऱ्यानं यायचं, ईशान्येच्या वाऱ्यानं परतायचं. मधल्या महिन्यांत घाट वाळले की माल बैलांच्या पाठीवरून चढायचा-उतरायचा. जुन्नरची बाजारपेठ या वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालत असणार, हा तर्क आहे. पण दुसरं वेळापत्रक त्या व्यापाराला शक्यच नव्हतं. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा, असं परंपरा सांगते. तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख मात्र यज्ञ आणि दक्षिणांबद्दल बोलतो, जकातीबद्दल नाही, तेव्हा रांजणावर फार भार टाकू नये. त्याहून बोलका पुरावा जुन्नरच्या लेण्यांत आहे. तिथं तीन यवन दात्यांचे लेख आहेत, आणि त्यांतल्या इरिल नावाच्या यवनानं दान काय दिलं, तर पाण्याची दोन टाकी. तो स्वतः समुद्रावरून आला होता की इथंच मुरलेल्या घराण्यातला होता, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण ज्याच्या नावाला दर्यापारचा वास आहे, त्याला या डोंगरात सर्वांत मोलाचं दान पाण्याचं वाटलं, हे विसरता येत नाही.

तो काळ पहिल्या प्रकारच्या ज्ञानाचा होता. ऋतू ठरलेला, वारा ठरलेला, त्याची तारीख ठरलेली. अरब नाखव्यांनी हे ज्ञान पुढं नेलं. ‘मॉन्सून’ हा शब्दच अरबी ‘मौसिम’वरून आला. आपल्याकडे त्याचं घाटावरचं रूप म्हणजे नक्षत्रं. मृगात पेर, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी, हस्ताच्या पावसावर रब्बीची भिस्त. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला कोल्हा, बेडूक, म्हैस असं वाहन असतं आणि वाहनावरून पाऊस सांगितला जातो. सहदेव-भाडळीच्या नावावरची वचनं अजून तोंडोतोंडी आहेत. हे सगळं शतकांच्या निरीक्षणातून आलेलं आहे, आधुनिक अंदाजांपेक्षा तेच बरं, असं म्हणणारे आजही भेटतात. निरीक्षण आहे यात शंका नाही. पण एक अडचण आकाशातलीच आहे. सूर्याचा मृगप्रवेश आपण ताऱ्यांच्या हिशेबानं मोजतो आणि ऋतू चालतात सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्यावर. या दोन हिशेबांच्या वर्षांत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. म्हणजे साधारण ७१ वर्षांत एक दिवस. आज मृग ७-८ जूनला लागतो. सातवाहनांच्या वेळी तो, आजच्या मोजणीनं, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लागत होता. ज्या कुणी मृगाची सांगड पेरणीशी घातली, त्यांनी ती आपल्या काळाच्या पावसाशी घातली. सांगड कायमची नव्हती, आणि दर वर्षीच्या लहरीबद्दल तर ती काहीच सांगत नव्हती. सरासरी सांगणं वेगळं आणि यंदाचं सांगणं वेगळं. या विद्येचा पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

तो इतिहास बहुतांशी आपत्तींनी लिहिला. एडमंड हॅलीनं १६८६ मध्ये व्यापारी वारे आणि मॉन्सूनचा नकाशा काढला, ती जिज्ञासा होती. पण कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टननं १८४८ मध्ये ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला तो बुडालेल्या जहाजांच्या नोंदी चाळता चाळता. १८६४ चं कलकत्त्याचं वादळ आणि पाठोपाठचा १८६६ चा दुष्काळ यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग उभा राहिला. त्याचा पहिला प्रमुख ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून पावसाळ्याचा अंदाज बांधत असे. १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर हा गणिती प्रमुख होता. त्यानं जगभरच्या नोंदींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि प्रशांत महासागरावर हवेच्या दाबाचा एक अजस्र झोका हलतो आहे, हे शोधलं. झोका का हलतो हे त्याला सांगता आलं नाही. ते उत्तर १९६९ मध्ये याकोब बियर्कनेसनं दिलं आणि ते समुद्राच्या तापमानात होतं. हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यातला ‘सिमला ऑफिस’ चौक त्याचीच खूण. म्हणजे समुद्रावरच्या हवामानाचं भारतातलं एक मोठं विचारकेंद्र गेली जवळजवळ शंभर वर्षं घाटावरच, जुन्नरपासून दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर आहे. १९६२ मध्ये तिथं उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची स्वतंत्र संस्था निघाली, तीच आजची आयआयटीएम.

स्वतंत्र संस्था लागली, कारण युरोपात तयार झालेलं शास्त्र इथं पुरेना. पहिल्या महायुद्धाच्या आसपास नॉर्वेतल्या बर्गेनच्या अभ्यासकांनी थंड आणि उबदार हवेच्या सीमारेषांवरून हवामान समजावण्याची रीत घालून दिली. ती तिथं चालते, कारण तिथं हवेच्या दोन फौजा खरोखर समोरासमोर येतात. उष्णकटिबंधात सगळीकडे हवा जवळपास सारखीच उबदार. इथं गोष्ट घडते ती वाफ वर चढून ढग होताना मोकळ्या होणाऱ्या उष्णतेनं, आणि तो ढग काही किलोमीटरचा असतो. त्यामुळे एका बाजूला इथला चार दिवसांनंतरचा पाऊस पकडणं अवघड, आणि दुसऱ्या बाजूला अख्ख्या हंगामाचा कल पकडणं तुलनेनं शक्य; कारण हंगामावर समुद्राच्या पृष्ठभागाचा हात असतो आणि समुद्र सावकाश बदलतो. हवामानशास्त्रज्ञ चार्नी आणि जगदीश शुक्ल यांनी १९८१ मध्ये हा विचार नीट मांडला. नवख्या वाचकाला तो उलटा वाटेल: उद्याचं धड सांगता येत नाही आणि सप्टेंबरपर्यंतचं सांगता? पण सांगायची गोष्टच वेगळी आहे. एकात कोणत्या शिवारात किती ते सांगायचं असतं, दुसऱ्यात एकूण माप. हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानातला झोका १९९९ मध्ये ओळखला गेला, तो याच वाटेवर. उपग्रह आले, गणकयंत्रं आली, आणि मे २०२५ पासून आयआयटीएममध्ये घडलेली प्रारूपप्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देऊ लागली. सहा किलोमीटर समुद्रावर काहीच नाही. आंबेगावच्या पश्चिमेला मात्र तेवढ्यात कडा, दरी, गाव आणि धरणाचं पाणी सगळं मावतं.

इथं पत्रकांच्या भाषेजवळ थोडं थांबायला हवं, कारण गैरसमजाचं मूळ तिथं आहे. समुद्राच्या पत्रकात ‘लाटांची उंची तीन मीटर’ असं असतं तेव्हा ती सगळ्या लाटांची उंची नसते. सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते, आणि एखादी लाट तिच्या दुप्पटही उठू शकते. मुरलेला तांडेल हे जाणून असतो, म्हणून तीन मीटर वाचून तो पाच-सहाची तयारी ठेवतो. आता घाटावरचं वाक्य घ्या: ‘पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’. यातलं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातल्या फार तर पंचवीस टक्के ठिकाणी. ‘अतिमुसळधार’ म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. दोन्ही शब्दांना मोजमाप आहे, बातमीच्या मथळ्यात ते गळून पडतं. त्या दिवशी आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला दीडशे मिलिमीटर कोसळतो, मंचरला ऊन पडतं, आणि मंचरचा माणूस म्हणतो अंदाज चुकला. अंदाज चुकलेला नसतो. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेला हजारही गाठत नाही. एवढ्या अंतरात एवढा फरक असलेल्या मुलखात ‘जिल्ह्याचा अंदाज’ हा शब्दच फसवा आहे. तांडेलाला जे वाचन येतं ते आपल्याला आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

निसर्ग वादळानं हे महाग पडू शकतं हे दाखवलं. ३१ मे २०२० ला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, २ जूनला चक्रीवादळ, ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचे वारे. अवघं चार दिवसांचं आयुष्य. वादळ कुठं धडकणार याचा अंदाज चांगला होता, किनाऱ्यावरून माणसं हलवली गेली. बंदरात बावटा चढतो तेव्हा त्याच्या नंबरावरून होडीवाल्याला काय करायचं ते कळतं. घाटावर बावटा चढवायची जागाच नाही. जमिनीवर आलं की वादळ विरतं, हे शाळेत शिकलेलं वाक्य खरं आहे, पण विरायला त्याला काही तास लागतात, आणि ते तास त्यानं पुणे जिल्ह्यावरून जाण्यात घालवले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडं उन्मळली, आणि हिरडा हे तिथल्या आदिवासी घरांचं वर्षाचं रोकड उत्पन्न. भरपाईसाठी पुढं वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, कारण समुद्रातल्या वादळानं रानातल्या झाडाचं नुकसान होतं हे सरकारी तक्त्यात बसत नव्हतं. पॉलिहाऊसचे कागद फाटले, सांगाडे वाकले. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत, त्यामागं वाऱ्याचा दाब कमी व्हावा हा हिशेब होता. फुलं पिकवणाऱ्याला ती सोय नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला, अरबी समुद्रातला कमी दाब आणि उत्तरेकडून आलेला पश्चिमी विक्षोभ एकत्र आले. रात्रभर पाऊस आणि गार वारा, आणि याच भागात उघड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या काकडून मेल्या. आकडा फारसा मोठा नसलेला पाऊसही मेंढपाळाला कंगाल करतो. त्याला हवा असलेला अंदाज मिलिमीटरचा नव्हताच. पाऊस, वारा आणि थंडी एकाच रात्री येणार आहेत, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

यावर सर्वांत जड आक्षेप माळीणचा आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते गाव दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. समुद्राचं कुठलं पत्रक त्यांना वाचवणार होतं? प्रामाणिक उत्तर: कुठलंही नाही. गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की सह्याद्रीवर पावसाची झड लागते, हे समुद्रावरून दिसतं. कोणता उतार सुटेल हे दिसत नाही. त्याला माती, खडक, उतारावर केलेली खोदकामं आणि गावातलं पर्जन्यमापक पाहावं लागतं. पण झड आणखी तीन दिवस टिकणार का, याचं उत्तर पुन्हा समुद्राकडेच मागावं लागतं, आणि भिजून जड झालेल्या उताराखाली राहणाऱ्याला तेच हवं असतं. समुद्राचा अंदाज पुरेसा नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. तो साखळीतली पहिली कडी आहे. शेवटची कडी नसेल तर पहिलीचा दोष नव्हे. २०१७ च्या ओखी वादळात खोल समुद्रात आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोचू शकला नाही, कारण तिथं मोबाइल चालत नाही. डोंगराआडच्या वाड्यांची अवस्था याहून फार निराळी नाही.

हे सगळं आत्ताच का, याला कारण अरबी समुद्र तापतो आहे. आयआयटीएममधल्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये दाखवलं की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. टक्केवारी ऐकून दचकण्याआधी हे लक्षात घ्यावं की अरबी समुद्रात वादळं मुळात थोडी, आणि उपग्रहांच्या नोंदी चाळीस-पन्नास वर्षांच्या. थोड्या आकड्यांची टक्केवारी चटकन फुगते. तरीही कल नाकारता येत नाही. त्याच वेळी इथली शेती अधिक नाजूक झाली आहे. पूर्वी अवकाळीनं बाजरी काळी पडायची. आज नारायणगावच्या द्राक्षाचा मणी काढणीच्या तोंडावर एका पावसानं तडकतो, टोमॅटोवर करपा येतो, बराखीतला कांदा सडतो. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं कधी आणि किती भरतात, यावर पार पारनेर, श्रीगोंदा, करमाळ्यापर्यंतची आवर्तनं ठरतात, आणि ती भरतात याच समुद्रवाऱ्यावर. शिवाय द्राक्षाची पेटी न्हावाशेव्याहून बोटीनं युरोपला जाते. नाणेघाटाची जागा महामार्गानं घेतली, एवढाच फरक.

पुस्तकाच्या लेखकांनी म्हणूनच किनाऱ्यावरून आत न येता घाटावरून समुद्राकडे पाहिलं आहे. वारा, वाफ, लाटा, वादळं, हंगामी अंदाज हे विषय कोणत्याही अशा पुस्तकात असतात, इथंही आहेत. पण प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारलेला आहे, की यातलं काय घाट चढून येतं आणि काय खालीच राहतं. संगणकानं शिकून काढलेल्या नव्या अंदाजांना त्यांनी थोडीच पानं दिली, हे मला योग्य वाटलं. तो विषय अजून स्थिरावायचा आहे. कोळ्यांच्या बोलीतल्या वाऱ्यांच्या नावांना मात्र आणखी जागा हवी होती. खारे वारे आणि मतलई वारे एवढ्यावर भागवणं म्हणजे पाठ्यपुस्तकावर थांबणं. गणित त्यांनी टाळलेलं नाही, पण ते दहावी झालेल्या वाचकाला पेलेल इतपतच ठेवलं आहे. मंडलनिहाय अंदाज कसा सुधारावा याबद्दलच्या सरकारी शिफारशी इथं मिळणार नाहीत; हा ग्रंथ वाचणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेला आहे.

शेवटच्या पानांवर एक तक्ता आहे. तारीख, समुद्राच्या पत्रकात काय होतं, घाटमाथ्याचा इशारा कोणत्या रंगाचा, आपल्या शिवारात प्रत्यक्ष किती मिलिमीटर, वारा कुठून. पहिली ओळ ३ जून २०२० ची, लेखकांनी भरून दिलेली आहे. ‘आपल्या शिवारात’ हा रकाना मात्र त्यांनी तिथंही मोकळा सोडला आहे, आणि खालच्या एकोणचाळीस ओळी पूर्ण कोऱ्या आहेत.